ईएफ 60 म्हणजे हार्ट 40 टक्के निकामी नाही
वाशीच्या आपल्या सोसायटी ग्रुपवर मेसेज फिरतोय की इकोमध्ये (हार्टची सोनोग्राफी) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हार्टच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा, 60 टक्के आलं म्हणजे हार्ट 40 टक्के निकामी. हे चुकीचं आहे हो. मी रोज इको करते, डावा कप्पा भरला की त्यात समजा 120 एमएल रक्त असतं, आकसला की 70 बाहेर जातं, 50 आतच राहतं, म्हणजे ईएफ 58, आणि हे नॉर्मलच, हार्ट कधीच पूर्ण रिकामं होत नाही. साधारण 55 ते 70 ठीक. पण ईएफ चांगलं असूनही दम लागत असेल तर अंगावर काढू नका, आतलं प्रेशर वाढलेलं असू शकतं, ते कधीकधी कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून सेन्सरने मोजतात. काल एक काकू रिपोर्ट धरून रडत होत्या, ईएफ 62! प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.