डिचोलीतील तुंबलेल्या कमोडविषयीच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

चतुर्थीच्या दिवसांत आपल्या घरचा कमोड तुंबला, त्या वेळी आमच्याकडून मिळालेल्या सेवेविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. घरात गणपती बसलेला, खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या आणि अशा वेळी तळमजल्यावरचा संडास वापरता येऊ नये, ही अडचण लहान नाही आणि आपल्या रागाचे कारण मला समजते. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे की, आमच्या माणसाने तासभर नुसती पाहणी केली, सगळी चेंबरे उघडली, फ्लशच्या टाकीत रंग घातला, पाहणीचे पैसे घेतले आणि दोष शोषखड्ड्यात, म्हणजे सेप्टिक टँकमधले पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, आहे असे सांगून तो निघून गेला. सेप्टिक टँकमध्ये उतरून साफसफाई करण्यास त्याने नकार दिला. आणि पाहुणे गेल्यावर दुसऱ्या प्लंबरने ॲसिड ओतताच कमोड चालू झाला. यावरून आम्ही नसलेला दोष दाखवून मोठे काम काढू पाहत होतो, असा निष्कर्ष आपण काढला आहे. तो मला मान्य नाही. ही अडचण पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येण्याचा संभव असल्यामुळे आमच्या माणसाला काय दिसले ते येथे सविस्तर लिहितो.

कमोडमध्ये पाणी चढते तेव्हा अडथळा कमोडमध्येच असेल असे गृहीत धरून काम सुरू केले, तर अर्ध्या वेळा नको तिथे हात घातला जातो. कमोडच्या पोटातच वळणदार ट्रॅप असतो, त्यात वाइप्स, सॅनिटरी पॅड किंवा लहान मुलाचे खेळणे अडकले तर फक्त तोच कमोड तुंबतो आणि शेजारच्या न्हाणीचे पाणी नेहमीसारखे वाहत राहते. अशा वेळी रबरी पंप किंवा स्प्रिंग पुरते आणि काम अर्ध्या तासात संपते. आपल्या घरी तसे नव्हते. वरच्या मजल्यावरचा फ्लश ओढायला सांगून आमचा माणूस खाली न्हाणीच्या जाळीपाशी उभा राहिला, तेव्हा जाळीतून बुडबुड असा आवाज येऊन पाणी वर आले. आपण ज्याला ‘उगाच पाणी ओतत बसणे’ म्हटले आहे ते हेच. वर ओतलेले पाणी खाली डोके काढते, याचा अर्थ अडथळा दोन्ही संडासांच्या पुढे, सामाईक वाहिनीत किंवा त्याच्याही पलीकडे आहे.

त्यानंतर चेंबरे उघडणे क्रमप्राप्तच होते. घराजवळचे चेंबर कोरडे असते तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या दरम्यान सापडला असता. पण ते काठोकाठ भरलेले होते आणि त्यापुढचेही तसेच होते, म्हणून सेप्टिक टँकचे झाकण उचलून आत बॅटरीच्या प्रकाशात पाहावे लागले. (टाकीत मिथेन साचलेला असू शकतो, त्यामुळे तिथे काडी पेटवून पाहण्याची जुनी सवय कोणीही ठेवू नये.) आपण लिहिता की टाकी दोन वर्षांपूर्वीच उपसली होती, मग ती भरेलच कशी? नीट चालणारी सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपमधून जेवढे आत आले तेवढेच शोषखड्ड्याकडे निघून जाते. पाहायचे असते ते पाण्याची पातळी त्या बाहेरच्या पाइपच्या बुडाशी आहे की त्याच्याही वर गेली आहे, एवढेच. आपल्या टाकीत तो पाइप पूर्ण बुडालेला होता आणि खड्ड्याकडचे पाणी उलट टाकीकडे येत होते. अशा स्थितीत टँकर बोलावून टाकी उपसली असती तरी खड्ड्यातले पाणी पुन्हा आत भरले असते आणि टँकरचे पैसे वाया गेले असते. म्हणूनच त्या दिवशी आम्ही टँकर सुचवला नाही. मोठे काम काढण्याचाच हेतू असता तर सर्वांत सोपा मार्ग तोच होता.

शोषखड्डा नेमका चतुर्थीलाच का थांबला, याचे उत्तर आपल्या भूभागात आहे. पणजी, मडगाव, वास्को अशा शहरांतील काही भाग सोडले तर गोव्यातील बहुतेक घरे सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावरच चालतात. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि भाद्रपद उजाडेपर्यंत जांभ्या दगडाखालची जमीन पाण्याने गच्च झालेली असते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या घरांत त्या दिवसांत विहिरीचे पाणी हाताला लागेल इतके वर येते. शोषखड्ड्याभोवतीचे भूजलही तितकेच वर आलेले असते, मग खड्ड्याने पाणी द्यायचे कोणाला? त्यात घरात 20 माणसे असली आणि प्रत्येकाने दिवसाला 5 वेळा 6 लिटरचा फ्लश ओढला, तर केवळ फ्लशचेच पाणी 600 लिटर होते. आपल्या घरी न्हाणीचे, स्वयंपाकघराचे आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे पाणीही त्याच टाकीत सोडलेले आहे. एरवी चार माणसांचे पाणी कसेबसे पिणारा खड्डा त्या आठवड्यात मागे हटणारच होता. पाहुणे परतले, पावसाने उघडीप दिली, खड्ड्यातली पातळी उतरली आणि कमोड वाहू लागला. ॲसिड ओतण्याची वेळ आणि पातळी उतरण्याची वेळ एकच आली, एवढाच त्या दोहोंचा संबंध आहे.

ॲसिडविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा अभिप्राय वाचून दुसरे कोणी तोच उपाय करतील. संडास धुण्याचे ॲसिड म्हणजे सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. पाण्याच्या क्षारांचे पिवळे थर ते काढते. पण कापड, प्लॅस्टिक किंवा वाइप्स त्याने विरघळत नाहीत आणि भरलेल्या शोषखड्ड्यावर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. उलट कमोडच्या बुडाशी भरलेले पांढरे सिमेंट आणि चेंबरचा गिलावा ते खाते, तसेच टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू मारते. त्याच कमोडमध्ये कोणी आधी ब्लीच ओतलेले असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि खिडकी बंद असलेल्या लहान संडासात तो जिवावर बेतू शकतो.

आमचा माणूस टाकीत उतरला नाही, याबद्दल आपण त्याला कामचुकार म्हटले आहे. तो शब्द आपण मागे घ्यावा अशी माझी विनंती आहे. सेप्टिक टँकमधला हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला धोका कळतही नाही. आधी एक जण कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. देशभरात अशी माणसे गेली आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूसाठी 30 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला आहे. पण कायदा नसता तरी मी माझ्या माणसाला उतरवले नसते. ग्राहकाने कितीही आग्रह केला, दुप्पट पैसे देऊ केले, तरी आमच्याकडे याचे उत्तर नकार हेच राहील. साफसफाई यंत्रानेच, म्हणजे टँकरच्या नळीने, वरून होते.

आता फ्लशच्या टाकीतील रंगाविषयी. तो स्वयंपाकातला खाण्याचा रंग होता आणि तपासणीची ही जुनी, खात्रीची पद्धत आहे. टाकीत रंग घालून 15 ते 20 मिनिटे फ्लश ओढायचा नाही. तेवढ्या वेळात रंग कमोडमध्ये उतरला तर तळाचे रबरी वॉशर गळते आहे हे सिद्ध होते. आपल्याकडे तो उतरला. कानाला आवाज येणार नाही आणि डोळ्याला धार दिसणार नाही अशी ही गळती असते. मिनिटाला केवळ 100 मिलिलिटर गेले तरी 24 तासांत 144 लिटर पाणी जाते, आणि तेही शेवटी त्याच शोषखड्ड्यात. वॉशर बदलण्याचा खर्च किरकोळ आहे आणि तो घरच्या घरी, फ्लशच्या टाकीला पाणी देणारा अँगल व्हॉल्व्ह बंद करून, कोणालाही बदलता येतो. टाकीत टाकायच्या निळ्या क्लोरीनच्या वड्या मात्र बंद कराव्यात, त्यांनी रबर लवकर कडक होते.

पाहणीचे शुल्क फोनवर आधी सांगितलेले होते आणि पावतीवर वेगळे लिहिलेले आहे. दोष शोधणे हेच या कामातले कौशल्य आहे आणि त्यासाठी लागलेला तास हा कामाचाच तास आहे असे मी मानतो, त्यामुळे ते शुल्क मी परत करणार नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे आणि आपल्या अभिप्रायात तिचा उल्लेख केवळ ‘विहिरीची भीती घातली’ एवढाच आला आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान 18 मीटर दूर असावा असे भारतीय मानक सांगते. आपल्या परसातले अंतर त्याच्या निम्मेही नाही, आणि जांभ्यातल्या भेगांमधून पाणी लांबवर जाते. पावसाळ्यात दोन्हीकडची पातळी वर आलेली असताना खड्ड्यातले पाणी विहिरीत उतरत नसेल असे कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. विहिरीच्या पाण्याचा नमुना जिवाणूंच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी उकळूनच प्यावे. घरात लहान मुले आहेत म्हणून हे पुन्हा लिहितो आहे.

पाऊस पूर्ण थांबून जमीन वाळली की, साधारण डिसेंबरमध्ये, नवा शोषखड्डा विहिरीपासून दूर, परसाच्या वरच्या अंगाला न घेता उताराच्या बाजूला घ्यावा लागेल. न्हाणीचे आणि कपड्यांचे पाणी त्याआधीच टाकीतून तोडून माडांच्या आळ्यांकडे वळवता येईल. तेवढ्यानेही टाकीवरचा भार बराच उतरेल. जुना खड्डा उघडून तो गाळाने बुजला आहे की केवळ भूजलाने भरत होता, हे मी स्वतः येऊन पाहीन आणि त्या फेरीचे शुल्क लागणार नाही. काम आमच्याकडून करून घ्यावे अशी अट त्यात नाही. ज्या प्लंबरवर आपला विश्वास आहे त्यालाही त्या वेळी बोलवावे, म्हणजे खड्ड्याची जागा आणि खोली आम्ही दोघे मिळून आपल्यासमोरच ठरवू.

आपला,
प्लंबिंग सेवेचा मालक, डिचोली