एसटीपी बंद करा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. "स्विचवरचं स्पॅनिंग ट्री म्हणजे एसटीपी बंद करा, नेटवर्क सुसाट पळेल. घरात लूप नसताना उगाच कशाला, अर्ध्या लिंक वाया जातात, लिंक तुटली की ५० सेकंद ठप्प, बॉस्टनचं हॉस्पिटल यानेच झोपवलं." खालचे अंगठे बघून राहवलं नाही. एसटीपी करतं काय, तर स्विचच्या केबल फिरून गोल जोडल्या गेल्या, म्हणजे लूप झाला, की त्यातली जादाची लिंक अडवून ठेवतं.

"लूप नाहीच." अहो लूप कोण मुद्दाम करतं का? टेबलाखाली केबल लोंबताना दिसली की कोणीतरी भलेपणाने ती भिंतीतल्या सॉकेटात खोचतो, दुसरं टोक आधीच शेजारच्या सॉकेटात असतं, झाला लूप. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, म्हणजे किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा, फिरून फिरून मरतं कधीतरी, स्विच जी पुढे ढकलतो त्या इथरनेट फ्रेमला तसलं काहीच नाही, त्यामुळे एक साधा एआरपी ब्रॉडकास्ट ("हा आयपी कोणाचा?" असं सगळ्यांना विचारणं) आत घुसला की फिरतच राहतो, प्रत्येक स्विच त्याच्या कॉप्या काढत बसतो आणि मॅक टेबलला (कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर याची स्विचची यादी) कळेना की हे मशीन पोर्ट १ वर आहे की २४ वर. मी हे भोगलंय, अर्धा दिवस एकेक केबल उपटत होतो. एसटीपी मीच बंद केलेलं, असाच सल्ला ऐकून.

"५० सेकंद ठप्प." खरंय, पण कुठल्या जमान्यातलं? राडिया पर्लमन यांनी १९८५ च्या सुमारास डीईसी या कंप्युटर कंपनीत असताना हे काढलं, १९९० ला ८०२.१डी स्टँडर्ड झालं. त्यात जुनी माहिती शिळी ठरायला २० सेकंद, मग पोर्ट चालू करण्याआधी लिसनिंग (नुसतं ऐकणं) १५, लर्निंग (पत्ते शिकणं) १५. २००१ ला रॅपिड एसटीपी आलं, त्यात स्विच पर्यायी पोर्ट आधीच हेरून ठेवतो, मेन लिंक पडली की तो लगेच चालू, टायमरची वाटच बघत नाही. लिंक वर आहे पण शेजारी गप्प झालाय, तरी २-२ सेकंदांचे ३ हॅलो ("मी आहे" असे निरोप) चुकले की कळतं. पीसी लावल्यावर आयपी उशिरा मिळतो ती तक्रार वेगळी, तिथे पोर्ट एज (पलीकडे स्विच नाही, नुसता पीसी) म्हणून सेट करायचा राहिलेला असतो. करा, आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे तिथे चुकून स्विच लागला तर पोर्टच बंद होतो.

अर्ध्या लिंक वाया? ती स्टेपनी आहे हो. दोन्ही वापरायच्याच तर एलएसीपीने (लिंकांची एकच मोळी करायची पद्धत) बांधा, एसटीपीला एकच लिंक दिसते.

बॉस्टनचं म्हणाल तर नोव्हेंबर २००२, बेथ इस्रायल डिकनेस. डॉक्टर काही दिवस कागदावर आले हे खरं. पण नेटवर्क तुकड्यातुकड्याने वाढत एकामागे एक ७ स्विचची जी हद्द सांगितलेली असते तिच्या पलीकडे गेलं होतं. एवढं पसरलं की मधे राउटिंग टाकून त्याचे तुकडे करायचे असतात.

आणि "बंद केल्यावर फास्ट झालं" म्हणणाऱ्यांनी आधी रूट (ज्याला केंद्र धरून एसटीपी वाटा ठरवतं तो स्विच) कोण होता ते बघावं. सगळ्यांची प्रायॉरिटी ३२७६८ च ठेवली की सगळ्यात लहान मॅकवाला जिंकतो, तो बऱ्याचदा कोपऱ्यातला सगळ्यात जुना खटारा, मग ट्रॅफिक वळसा घालून त्याच्यातूनच जाणार ना. कोअरला, म्हणजे मधल्या मुख्य स्विचला, ४०९६ द्या (लहान आकडा जिंकतो) आणि परत मोजा.