मुखवटा घालून बोललेला डॉक्टर

मनोविकारशास्त्रात काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी आज हे वाचावंच.

२ मे १९७२. अमेरिकेत डॅलसला मनोविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. समलैंगिकता तेव्हा मनोविकारांच्या आमच्याच अधिकृत ग्रंथात आजार म्हणून छापलेली होती. समलैंगिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या बार्बरा गिटिंग्ज यांनी कितीतरी समलैंगिक मनोविकारतज्ज्ञांना व्यासपीठावर येण्याची विनंती केली होती. एकच जण तयार झाला, तोही वेषांतराच्या अटीवर. चेहऱ्यावर रबरी मुखवटा, डोक्यावर विग, अंगात ढगळ सूट, समोर आवाज बदलणारा माइक. सुरुवातीलाच तो म्हणाला, "मी समलैंगिक आहे. मी मनोविकारतज्ज्ञ आहे."

ते होते डॉ. जॉन फ्रायर. समलैंगिक असल्यामुळे एका विद्यापीठातलं प्रशिक्षण त्यांना अर्धवट सोडावं लागलं होतं. त्यांना नोकरीवरून काढणारा एक अधिकारी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसला होता. मुखवट्यामागे कोण आहे, हे त्याला कळलंच नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. समोर सगळे त्यांचे व्यवसायबंधू बसलेले, आणि चेहरा लपवायचा तो त्यांच्यापासूनच!

डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. काही डॉक्टरांनी त्यावर सभासदांचं मतदान घ्यायला लावलं. ५,८५४ जणांनी निर्णय उचलून धरला, ३,८१० जणांनी विरोध केला. त्या मुखवट्यामागे आपणच होतो, हे डॉ. फ्रायर यांनी जाहीरपणे सांगितलं ते १९९४ साली.

आपल्याकडे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग रद्द केला. समलैंगिकता 'बरी करण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरी २०२४ मध्ये त्याच आयोगाच्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्रियांमधली समलैंगिकता 'अनैसर्गिक गुन्हा' म्हणून परत आली. ओरड झाल्यावर ते मागे घेतलं. पण कुणीतरी ते लिहिलं होतं, कुणीतरी वाचून मंजूर केलं होतं, आणि ते सगळे डॉक्टरच असणार.

रेसिडेन्सीची तीन वर्षं माझा एक मित्र आणि मी एकाच वॉर्डात काढली. रात्री दोन वाजता एकाच डब्यातली गार पोळी खाल्ली. परदेशात नोकरी लागल्यावर त्याने फोन करून मला सांगितलं. मी विचारलं, "अरे, तेव्हाच का नाही बोललास?" तो म्हणाला, "ड्युटी रूममध्ये 'तसल्या' पेशंटवर सगळे हसायचे ना, तेव्हा तूही गप्प बसायचास."