स्टालिनग्राडची म्हणून विकली जाणारी १९४४ची रायफल

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘रशियन बंदूक : सोन्याहून सरस ठेव’ अशा मथळ्याचा लांबलचक संदेश आला. असले संदेश मी एरवी न वाचताच पुसून टाकतो. हा पुसता आला नाही, कारण ओहायोत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने दुसऱ्याच दिवशी एका जाहिरातीचे छायाचित्र पाठवून विचारले, “मामा, घेऊन टाकू का?” छायाचित्रात मोसिन-नागाँ जातीची जुनी सोव्हिएत रायफल होती आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्टालिनग्राड’ असे लिहिले होते. भाचा एच-१बी व्हिसावर आहे.

संदेशातील दावे थोडक्यात असे : प्रत्येक जुनी सोव्हिएत रायफल दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडला लढलेली असून तिच्यावरचे जुळणारे क्रमांक हा त्याचा पुरावा आहे, रशियन बंदूक कधीही साफ करावी लागत नाही, सोव्हिएत रचनाकार कलाश्निकोव्हने आपली एके-४७ रायफल जर्मनांकडून चोरली, या बंदुकांची किंमत फक्त वाढते, आणि त्या ‘अँटीक’ असल्यामुळे अमेरिकेत कोणालाही परवान्याविना घेता येतात व पुढे शोभेची वस्तू म्हणून भारतात आणता येतात.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात ‘अँटीक’ या शब्दाला नेमका अर्थ आहे : १८९८ साली किंवा त्याआधी तयार झालेली बंदूक. आजोबांच्या वयाची आहे, लाकडाला जुनी झळाळी आहे, एवढ्याने ती अँटीक ठरत नाही. त्याच कायद्याच्या १८व्या शीर्षकातील कलम ९२२ स्पष्ट सांगते की, बिगर-स्थलांतरित व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) आलेल्या परकीय नागरिकाने बंदूक किंवा काडतूस बाळगणे हा गुन्हा आहे. या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद कायद्यातच दिलेले आहेत आणि ग्रीन कार्डधारकाला हे बंधन लागू नाही. पण ‘कोणालाही घेता येते’ हे वाक्य एच-१बीवरच्या मुलांनी भरलेल्या ग्रुपवर टाकणे म्हणजे त्यांना तुरुंगाची वाट दाखवणे आहे. ५० वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी अमेरिकेत एक स्वतंत्र संग्राहक परवाना मिळतो, त्याचे तीन वर्षांचे शुल्क ३० डॉलर असते. संदेश लिहिणाऱ्याने त्याच्याबद्दल कुठेतरी अर्धवट ऐकले असावे. मात्र ‘परवाना असतो’चे ‘परवाना लागत नाही’ कसे झाले, हे तोच जाणे.

भारतात आणण्याची गोष्ट तर बोलूच नये. आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ जुनाट किंवा पुराणवस्तूचे मोल असलेल्या शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही चालवता येत नसेल तरच. १९४४ची मोसिन आजही गोळी झाडते. ती विनापरवाना आणणारा माणूस विमानतळावरून घरी न जाता पोलीस ठाण्यात जाईल.

‘अँटीक’च्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते, आणि गंमत म्हणजे संग्राहकांना या रायफलींची ओढ का वाटते ते त्या अर्ध्या सत्यातूनच कळते. मोसिन रशियन सैन्याने १८९१मध्ये स्वीकारली. रशियन साम्राज्यातून बाहेर पडलेल्या फिनलंडने पुढे तिच्या स्वतःच्या आवृत्त्या बनवल्या, मात्र ज्या भागात नळी बसते तो रिसीव्हर फिनलंडने कधी नव्याने घडवला नाही. हाती आलेले जुने रशियन रिसीव्हरच वापरले. त्यामुळे १९४२ची फिनिश नळी, फिनलंडच्या बर्च लाकडाचा दस्ता आणि झारच्या काळातला रिसीव्हर अशी रायफल आजही मिळते. रिसीव्हरच्या मागच्या टोकाखाली कोरलेले वर्ष १८९८ किंवा त्याआधीचे निघाले, तर दुसऱ्या महायुद्धात वापरली गेलेली ही रायफल संघीय कायद्याच्या दृष्टीने अँटीक ठरते. ते वर्ष पाहण्यासाठी दस्ता उतरवावा लागतो, आणि ते काय निघते याच्या उत्सुकतेने प्रौढ माणसे स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात. हा अपवाद केवळ त्या रिसीव्हरपुरता आहे आणि राज्यांचे नियम त्याहून वेगळे असू शकतात. भाच्याने पाहिलेल्या रायफलीला तो लागू नाही.

आता स्टालिनग्राड. भाच्याने पाठवलेले छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा नळीवर रशियातल्या इझेव्स्क कारखान्याचा बाणाचा शिक्का आणि त्याखाली १९४४ हे वर्ष स्वच्छ दिसले. स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ रोजी संपली. जाहिरात लिहिणाऱ्याने आणि ती पुढे ढकलणाऱ्याने हे चार आकडे वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

‘जुळणारे क्रमांक’ हा पुरावा तर नेमका उलटा आहे. युद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी लाखो रायफली गोळा केल्या, सुट्या केल्या, तपासल्या आणि हाताशी आलेल्या भागांतून पुन्हा जोडून गोदामांत ठेवल्या. बोल्ट (काडतूस नळीत ढकलून तिचे मागचे तोंड बंद करणारा भाग) एका रायफलीचा, मॅगझिनचा तळ दुसरीचा, दस्त्याची लोखंडी पट्टी तिसरीची. मग नळीवरचा क्रमांक इतर भागांवर नव्याने ठोकला किंवा विजेच्या लेखणीने कोरला. जुना क्रमांक काही वेळा आडवी रेघ मारून रद्द केला. चौकोनात तिरकी रेघ असा बारीक शिक्का दिसला, तर ती रायफल या दुरुस्तीतून गेली असे जाणकार समजतात. दस्त्यावर लाखेचा ताजा तांबूस थर आणि बोल्टवर काळा लेप, ही आणखी दोन लक्षणे. भाच्याच्या छायाचित्रात तिन्ही होती. म्हणजे आज जुळणारे क्रमांक दिसतात, ते बहुतेक वेळा दुरुस्तीगृहातल्या कारागिराने जुळवलेले असतात, आणि रायफल कोणत्या आघाडीवर होती याची नोंद त्यांत कुठेच नसते.

संग्राहकाला हे खुणांचे जंगलच प्रिय असते. काही रायफलींवर झारचा दोन डोक्यांचा गरुड टिकून आहे, तर काहींवर तो घासून काढलेला दिसतो. काहींवर चौकटीतली ‘एसए’ ही फिनिश सैन्याची अक्षरे असतात. पहिल्या महायुद्धात झारने रेमिंग्टन आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाऊस या अमेरिकी कंपन्यांकडून मोसिन बनवून घेतल्या. क्रांती झाली आणि उरलेला माल अमेरिकी सरकारच्या गळ्यात पडला, आणि १९१८मध्ये उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्कला उतरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या हाती याच रशियन रायफली देण्यात आल्या. असा खरा इतिहास समोर असताना प्रत्येक बंदुकीच्या गळ्यात स्टालिनग्राडची एकच माळ घालण्याची गरज का पडावी, हे मला समजत नाही. मागणी मात्र आहे, आणि म्हणून साध्या रायफलीवर दुर्बीण चढवून ती स्नायपरची म्हणून खपवणाऱ्यांचाही धंदा चालतो.

‘साफ करावी लागत नाही’ या दाव्याला रायफलीसोबत येणारी तेलाची छोटी डबीच उत्तर देते. सोव्हिएत सैनिकाच्या या डबीला दोन तोंडे आणि दोन कप्पे असत, आणि त्यांवर दोन रशियन अक्षरे : एक नळी धुण्याच्या अल्कलीयुक्त द्रवासाठी, दुसरे तेलासाठी. बंदूक साफ करायचीच नसती, तर लाखो सैनिकांना ही डबी कशाला दिली असती? कारण काडतुसात आहे. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. गोळी झाडल्यावर नळीत उरणारा पोटॅशियम क्लोराइड खाण्याच्या मिठासारखा हवेतली ओल ओढतो, आणि पावसाळ्यात कोकणातल्या विळीला चढतो तसा गंज नळीला आतून चढतो. हे मीठ नुसत्या तेलाने जात नाही. आधी गरम पाण्याने धुवावे लागते, मग कोरडे करून तेल द्यावे लागते. कलाश्निकोव्ह रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा असतो, म्हणून ती जास्त सोसते, एवढे या दाव्यातले सत्य; पण तिच्याही दस्त्याच्या पोटात साफसफाईच्या साहित्याची नळकांडी ठेवलेली असते.

चोरीच्या आरोपावर फार शाई खर्च करण्यासारखे नाही. जर्मन अभियंता ह्यूगो श्मायसर १९४६ ते १९५२ या काळात इझेव्स्कमध्ये होता हे खरे आणि मध्यम ताकदीच्या काडतुसाची जर्मन रायफल आधी रणांगणावर आली हेही खरे. पण जर्मन रायफलीचा बोल्ट तिरका होऊन अडकतो, तर कलाश्निकोव्हचा फिरून. बाहेरचे रूप सारखे असले तरी आतली यंत्रणा वेगळी आहे. गोंधळ रशियनांचाही होतोच : २०१७मध्ये मॉस्कोत कलाश्निकोव्हचा पुतळा उभारला, तेव्हा चौथऱ्यावर चक्क जर्मन रायफलीचे रेखाचित्र आले आणि काही दिवसांत ते यंत्राने कापून काढावे लागले.

राहिली किंमत. ती वाढली, हे मान्य. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला शंभर डॉलरच्या आत मिळणारी साधी मोसिन आज काही शे डॉलरना जाते. पण तेव्हा ती स्वस्त होती ती शीतयुद्धानंतर उघडलेल्या गोदामांमुळे. तो साठा आटत गेला, आणि ७ सप्टेंबर २०२१पासून अमेरिकेने रशियन बंदुका व काडतुसांच्या आयातीचे नवे परवाने नाकारायला सुरुवात केली. त्याच काळात सोनेही अनेक पटींनी चढले आहे. सोने विकायला सराफाकडे गेले की पुरते, आणि ते घरात ठेवल्याबद्दल व्हिसा तपासला जात नाही. भाच्याला मी कलम ९२२चा मजकूर पाठवला आहे. छायाचित्रही परत पाठवले, १९४४भोवती लाल वर्तुळ काढून.