टॅब दिला की विज्ञान पोचलं?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. थोडक्यात तो असा: 'खेड्यातल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञान कसं शिकवायचं हा प्रश्न आता उरलेलाच नाही. प्रत्येकाच्या हातात टॅब आणि इंटरनेट द्या. उत्तम शिक्षक व्हिडिओवर आहेत, प्रयोग पडद्यावर होतात, मुलं आपापली शिकतात हे सिद्ध झालंय, आणि ज्याच्यात धमक आहे तो वाट काढतोच. शिक्षक तयार करणं, प्रयोग हाताने करवून घेणं हे खर्चिक काम, मोठ्या प्रमाणावर जमत नाही.' पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून एकेक मुद्दा नीट घेऊ.

यंत्र हातात दिलं की काय होतं, हे करून पाहिलेलं आहे. 2005 मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपाँटे यांनी मुलांसाठी 100 डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने ती फार मोठ्या प्रमाणावर उचलून धरली. तिथल्या 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप पोचले होते, वापरलेही जात होते. पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमध्ये फरक दिसला नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, हेही सांगायला हवं. 'तिथे इंटरनेट कुठे होतं?' असं कोणी विचारेल. बहुतेक शाळांत नव्हतंच, कबूल. पण शिक्षकांचं प्रशिक्षणही बहुतांशी यंत्र चालवण्यापुरतंच होतं. आजच्या धड्यात हे यंत्र कुठे बसवायचं, हे इंटरनेटची जोडणी आली म्हणून आपोआप कळत नाही.

'मुलं आपापली शिकतात' याला आधार म्हणून हमखास भिंतीतला संगणक येतो. 1999 मध्ये शिक्षणावर प्रयोग करणारे संशोधक सुगता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी भागात एका भिंतीत संगणक बसवला आणि शेजारच्या वस्तीतली मुलं तो कोणी न शिकवता चालवायला लागली. गोष्ट खरी आहे. फक्त ती पुढे वाचायची राहून जाते. मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावात मुलांना रेणवीय जीवशास्त्रासारखा अवघड विषय असाच संगणकावर सोपवला. मुलं स्वतःहून काही मजल मारून गेली, ती जवळच्या सरकारी शाळेच्या बरोबरीची होती. दिल्लीतल्या चांगल्या खासगी शाळेची बरोबरी मात्र त्यांनी कधी केली, तर सोबत एक मोठं माणूस आल्यावर. त्या माणसाला विषय येत नव्हता. ते फक्त मुलांबरोबर बसायचं, विचारायचं, कौतुक करायचं. 'माणूस नको' म्हणणाऱ्यांनी नेमका हाच प्रयोग पुढे करावा, याची मला गंमत वाटते.

आता पडद्यावरचे प्रयोग. यांची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं 'फेट' (PhET) हे पडद्यावर प्रयोग करून पाहायचं साधन उत्तम आहे, फुकट आहे, उतरवून घेतलं तर इंटरनेटशिवाय चालतं. तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसणं ही काही लहान गोष्ट नाही. पण मुलांच्या गटांना एक मीटर दोरीला दगड बांधून त्याच्या दहा आंदोलनांना, म्हणजे पूर्ण झोक्यांना, किती वेळ लागतो ते मोजायला सांगा आणि काय होतं ते बघा. बहुतेक गटांचं उत्तर 20 सेकंदांच्या आसपास येतं. एका गटाचं हटकून 18 येतं. 'तुमची दोरी आखूड आहे.' मोजली, बरोबर निघाली. 'गाठीपर्यंत मोजली की दगडाच्या मध्यापर्यंत?' त्याने थोडासाच फरक पडतो. दगड बदलून पाहतात, तरी 18 च. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की या गटाने दगड सोडतानाच 'एक' म्हटलं होतं. आंदोलनं दहा नव्हे, नऊच झाली होती. सोडताना 'शून्य' म्हणायचं. या पाऊण तासात त्या पोरांनी शंका घेतली, एकेक कारण बाद केलं आणि चूक स्वतः पकडली. पडद्यावरच्या लंबकाचं घड्याळ कधी चुकत नाही, त्यामुळे हा पाऊण तास तिथे होतच नाही. आणि लागलं काय? दोरी, दगड, सेकंद दाखवणारं घड्याळ. आणि '18 चूक' म्हणून फळा पुसून न टाकणारा शिक्षक.

'धमक असेल तो वाट काढतो' यासाठी आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या विल्यम काम्क्वाम्बाचं उदाहरण देतात. दुष्काळात फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली आणि त्याने सायकलच्या सुट्या भागांतून पवनचक्की उभी केली. पण पवनचक्कीचं चित्र त्याने पाहिलं कुठे? गावच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्या वाचनालयातल्या पुस्तकात. कोणीतरी ती पुस्तकं तिथवर पोचवली होती, आणि शाळा सुटलेल्या पोराला ती हाताळू दिली होती. जिथे असं पुस्तकांचं कपाटच नव्हतं तिथली धमक कोणाला दिसली नाही, एवढंच.

'खेड्यातल्या मुलांना विज्ञान कशाला, हाताला काम शिकवा' ही याच मजकुराची एक पुरवणी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून वेल्डिंग, शेती, वायरिंग करता करताच विज्ञान शिकवून दाखवलं. या पुरवणीला आणखी उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

राहिलं 'मोठ्या प्रमाणावर जमत नाही'. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या 16 ग्रामीण शाळांत सुरू झाला. 1978 मध्ये तो सरकारी शाळांमधूनच जिल्हाभर गेला, पुढे शेकडो शाळांत. मुलं गटाने प्रयोग करायची, परीक्षेत पुस्तक उघडून बसायला परवानगी होती, प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. शिक्षकांच्या दरमहा बैठका व्हायच्या, त्यांत वर्गात काय फसलं ते बोललं जायचं. 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तोवर 30 वर्षं झाली होती. त्या काळात मुलं 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक माणसाला प्रश्न विचारणारी पत्रं पाठवायची. त्या पत्रांना टपालाने उत्तरं यायची.