घोड्याच्या पायांचा 'संकेत' खरा नाही

शहरदर्शनाच्या बसमध्ये गाइड हमखास सांगतात, आणि आता तेच मेसेजमधूनही फिरतंय: पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार लढाईत पडला, एकच उचललेला असेल तर जखमांनी गेला, चारही टेकलेले असतील तर नैसर्गिक मृत्यू. असा सर्वमान्य नियम नाही. सेंट पीटर्सबर्गमधला रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट (पुतळा १७८२ चा) आणि वॉशिंग्टनमधला अमेरिकेचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन (पुतळा १८५३ चा) या दोघांचेही घोडे मागच्या पायांवर उभे आहेत. प्रत्यक्षात दोघेही आजारपणात वारले. पाय किती उचलायचे हे शिल्पकाराची कल्पना आणि धातूचा तोल ठरवतात. पीटरच्या घोड्याला तर खालच्या सापाचाही आधार दिलाय. बस पुतळ्यापाशी जेमतेम थांबते. तेवढ्यात चरित्र सांगण्यापेक्षा पाय मोजणं सोपं, म्हणूनच ही गोष्ट टिकली असावी.