‘हे तर नुसते जोडकाम’ म्हणणाऱ्या धुळ्याच्या वाचकांस उत्तर

महोदय,

किटमधून, म्हणजे सुट्या भागांच्या पेटीतून, पहिली अकूस्टिक गिटार तयार करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि दोन दिवस उत्तर देण्याचे टाळले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गाभा आधी देतो. आपण लिहिले आहे : ‘काय भो, वाकवलेल्या बाजू तयार, नेक तयार, फिंगरबोर्डला खाचा पाडलेल्या, आणि हे सगळे चिकटवून म्हणे गिटार घडवली! विकतचे भरीत आणून वरून फोडणी द्यायची आणि भरीत केले म्हणायचे, तसला हा प्रकार. हे नुसते जोडकाम आहे.’ त्याखाली आपले आणखी तीन आक्षेप आहेत : सॅडलचे (ब्रिजवरच्या, तारा टेकणाऱ्या पट्टीचे) माप मी चुकीचे दिले, तेवढ्या पैशांत दुकानात बरी गिटार मिळते, आणि भुसावळच्या मे महिन्यात माझ्या गिटारीचा ब्रिज (तक्त्यावर चिकटवलेला, तारा धरणारा लाकडी तुकडा) उचलणार आहे.

सॅडलच्या बाबतीत आपले म्हणणे बरोबर आहे, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाला तारा टेकतात त्या नटपासून सॅडलपर्यंतचे अंतर ‘बरोबर ६४५ मिलिमीटर’ असे मी लिहिले, ते अपुरे होते. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. जाड तारेत हा चढ अधिक असतो. म्हणून सॅडल सरळ न ठेवता तिरपे ठेवावे लागते आणि पातळ तारेकडे सुमारे दोन-अडीच, तर जाड तारेकडे सुमारे पाच मिलिमीटर मागे सरकवावे लागते. माझ्या गिटारीवर ते तसेच बसवलेले आहे. चूक लिहिताना झाली, करताना नाही. मूळ लेखात मी ती दुरुस्त करत आहे.

आता ‘नुसते जोडकाम’ याकडे वळतो. ‘भो’ हा शब्द आपल्याकडे पारावर बसलेली माणसे आपुलकीने वापरतात. अनोळखी माणसाला हिणवण्यासाठी तो वापरलेला मी प्रथमच पाहिला, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटले. त्याहून वाईट भरताच्या दाखल्याचे वाटले, कारण भरीत कशाला म्हणतात हे एका खान्देशी माणसाने दुसऱ्याला सांगण्याची वेळ यायला नको होती. ज्याच्या शेतात वांगी पिकत नाहीत तो बाजारातून बामणोदची वांगी आणतो, तुरीच्या काड्यांवर किंवा पऱ्हाट्यांवर भाजतो, साल काढून ठेचतो आणि मग हिरव्या मिरचीची, लसणाची फोडणी देतो. ते भरीत त्याने केलेलेच असते. वांग्याचे रोप कोणी लावले, असे पंगतीत कोणी विचारत नाही. किटच्या पेटीत वांगी येतात, भरीत येत नाही. आपण ती पेटी उघडून पाहिली असती तर हा दाखला दिला नसता.

त्या पेटीत काय होते ते सांगतो. बाजू शिसवाच्या आणि वाकवलेल्या होत्या. हे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते, लपवले नव्हते. पण वरचा तक्ता स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाच्या दोन सुट्या फळ्यांचा होता. त्यांच्या कडा एकमेकींना लावून ट्यूबलाइटसमोर धरल्यावर फटीतून उजेडाची रेघही दिसता कामा नये, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत रंधा मारण्यात माझे चार दिवस गेले. तक्त्याच्या आतून आधाराला लागणारे ब्रेस म्हणजे चौकोनी कापलेल्या पट्ट्या होत्या. त्यांना पटाशीने उतार द्यायचा, मध्ये मध्ये तक्ता बोटाने वाजवून ऐकायचा, आणि नेमके कुठे थांबायचे हे हातानेच ठरवायचे. ब्रेसची ही फुलीच्या आकाराची रचना एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मार्टिन यांच्या कारखान्यात रुजली आणि पोलादी तारांच्या गिटारी आजही बहुतांशी तिच्यावरच उभ्या आहेत, कारण सहा तारांचा मिळून सत्तर किलोंच्या आसपासचा ताण तीन मिलिमीटरहूनही पातळ तक्त्याला पेलावा लागतो. लाकूड जास्त काढले तर तक्ता पोटासारखा फुगतो. कमी काढले तर गिटार दबक्या आवाजात बोलते. हा निर्णय पेटीत मिळत नाही. बाजूंच्या आतल्या खाचांच्या पट्ट्या मी कपड्यांच्या चिमट्यांना रबर गुंडाळून, तीस-तीस चिमटे लावून चिकटवल्या. त्या रात्री घरात वाळत घातलेल्या कपड्यांसाठी एकही चिमटा शिल्लक नव्हता.

नेकविषयी आपण ‘तयार’ हा एकच शब्द लिहून मोकळे झालात. नेकचा आकार तयार होता. त्याचा कोन तयार नव्हता. फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सरळ पट्टी ठेवली तर तिचे पुढचे टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकले पाहिजे. माझी पट्टी पहिल्या दिवशी ब्रिजच्या माथ्याखाली दीड मिलिमीटर जात होती. ते सुधारण्यासाठी हीलच्या (नेकचा बॉडीला टेकणारा जाड भाग) खालच्या टोकाला अर्धा मिलिमीटर लाकूड घासावे लागते, त्याहून अधिक नाही, कारण हीलपाशी घासलेला अर्धा मिलिमीटर ब्रिजपाशी सुमारे तिप्पट होऊन दिसतो. हील आणि बॉडी यांच्यामध्ये पॉलिश पेपरची पट्टी धरायची, हलकेच ओढायची, नेक पुन्हा बसवायचा, बोल्ट आवळायचा, मोजायचे, आणि परत काढायचा. माझे हे अकरा संध्याकाळी चालले होते. याला आपण ‘चिकटवणे’ म्हणता!

माझे आजोबा यावल तालुक्यात सुतारकी करत. बैलगाडीचे चाक ते करत तेव्हा तुंबा, आरे आणि घेरा त्यांच्या हातचा असे, पण धाव लोहाराची असे. तापवलेली धाव चाकावर चढवून पाणी ओतले की ती आकसून सगळे सांधे आवळून धरी. त्या चाकाला गावाने कधी लोहाराचे चाक म्हटले नाही आणि आजोबांना जोडारीही म्हटले नाही. माझे वडील भुसावळला रेल्वेत फिटर होते. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्याने ओतलेले, दुसऱ्याने कातलेले भाग एकमेकांत बसवले, आणि ते कसे बसले आहेत यावर गाडी धावत होती. नेकचा बाक मोजायला मी जो फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पात्यांचा संच) वापरला तो त्यांचाच आहे. ‘जोडकाम’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरला आहे. माझ्या घरात तो कधीच शिवी नव्हता, आणि आपल्या प्रतिक्रियेनंतरही तो होणार नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांना लागणारे भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून येतात. भोपळा त्यांनी पिकवला नाही म्हणून तंबोरा त्यांचा नाही, असे आपण मिरजेत जाऊन म्हणाल का? मी त्या कारागिरांच्या पंक्तीला बसत नाही, आणि लेखात तसे कुठेही सुचवलेले नाही. मी नवशिका आहे हे शीर्षकातच लिहिले होते. नवशिक्याने शिसवाची बाजू गरम नळीवर वाकवायला घेतली तर पहिल्या दोन-तीन मोडतात, आणि शिसव काही रस्त्यावर पडलेले नाही. ते काम पुढच्या वेळेसाठी ठेवले, यात फसवणूक कुठे आली?

पैशांचा मुद्दा मी सोडून देतो. तेवढ्या पैशांत दुकानात गिटार मिळते हे मला ठाऊक होते, आणि मला गिटार विकत घ्यायची असती तर मी दुकानात गेलो असतो.

उन्हाळ्याबद्दल एवढेच सांगतो की आपल्याइतकाच मीही याच उन्हात वाढलो आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून आडवे ब्रेस दमट हवेत चिकटवले आणि नंतर हवा कोरडी झाली, तर तक्ता आकसू पाहतो, ब्रेस त्याला आकसू देत नाही, आणि तक्ता तडकतो. हे मला माहीत होते म्हणूनच जुलैमध्ये आलेली पेटी मी पावसाळाभर बंद ठेवली आणि आर्द्रतामापकाचा काटा ४५ ते ५० टक्क्यांवर स्थिरावल्यावर, दिवाळीनंतर, गोंदाची बाटली उघडली. लेखात हे सविस्तर लिहिले आहे. आपण तिथपर्यंत वाचलेले दिसत नाही. ब्रिज उचलणारच, असे भविष्य आपण कशाच्या आधारावर सांगितले, ते मात्र आपण लिहिलेले नाही.

गिटारीला अजून मे महिना बघायचा आहे, हे खरे आहे. ती पेटीत, ओल्या स्पंजाच्या डबीसह ठेवलेली आहे, आणि पेटीतील आर्द्रता मी रोज सकाळी व दुपारी तीन वाजता वहीत नोंदवत आहे. त्या नोंदी जूनच्या पहिल्या आठवड्यात मी इथेच देईन. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकला, म्हणजे ब्रिज उचलला असला, तर तेही त्याच दिवशी लिहीन.